लेझर करायचं की लेन्सच बदलायची?

ठाण्यात मानपाड्याला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे बाबा 69 वर्षांचे. दहा महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मल्टिफोकल (दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारी) लेन्स बसवली. पहिल्या आठवड्यापासून रात्री दिव्यांभोवती वर्तुळं दिसतात, आणि गेले तीन महिने त्याच डोळ्याला धूसर दिसतंय. एक डॉक्टर म्हणतात, लेझर करून टाका. दुसरे म्हणतात, ही लेन्स काढून साधी टाकू. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, पण बाबा आता ऑपरेशनचं नावच काढू देत नाहीत. आईला मधुमेह आहे. तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन सहा आठवड्यांपूर्वी झालं, लेन्स साधी. तीन आठवडे छान दिसत होतं, आता मधोमध पुसट दिसतं आणि दाराची चौकट वाकडी वाटते. घरात सगळ्यांचं मत पडलंय की लेन्स डुप्लिकेट निघाली.

ताई, तुमच्या बाबांना भेटलेले दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात, म्हणून तर तुमची पंचाईत झाली आहे. मी ठाण्यात बरीच वर्षं मोतीबिंदूची ऑपरेशनं करते. ‘लेन्स खराब निघाली’ असं सांगत जे येतात, त्यांतल्या बहुतेकांची लेन्स ठणठणीत असते. बिघाड तिच्या पुढे, मागे किंवा आजूबाजूला असतो. तो नेमका कुठे आहे हे ठरवल्याशिवाय उपाय करायचा नाही, आणि तुमच्या बाबांच्या बाबतीत लेझर तर अजिबात घाईनं नको. का, ते सांगते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनात आम्ही डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढतो, पण ते ज्या पातळ पिशवीत असतं ती पिशवी जागेवर ठेवतो. तिच्या पुढच्या बाजूला गोल खिडकी पाडायची, आतला मोतीबिंदू फेको मशीननं, म्हणजे ध्वनिलहरींच्या कंपनांनी, फोडून ओढून घ्यायचा आणि घडी केलेली लेन्स त्या पिशवीत सोडायची. आत गेल्यावर ती हळूहळू उलगडते आणि अभ्र्यात उशी बसावी तशी बसते. पिशवी चहूबाजूंनी बारीक तंतूंवर तोललेली असते. तिची मागची भिंत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकीही जाड नसते, आणि पुढच्या सगळ्या गोष्टी या भिंतीभोवतीच फिरतात.

कितीही स्वच्छ ऑपरेशन केलं तरी पिशवीच्या कडेला मूळ भिंगाच्या काही पेशी उरतात. त्या काही महिन्यांनी किंवा वर्षांनी वाढत वाढत मागच्या भिंतीवर येतात. बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पखाली (डोळा तपासायच्या दुर्बिणीखाली) पाहिलं की मागून येणाऱ्या लालसर उजेडात गोल, पारदर्शक बुडबुड्यांचे घोस दिसतात, नाहीतर भिंतीला पांढरट सुरकुत्या पडलेल्या असतात. यालाच लोक ‘जाळी आली’ किंवा ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणतात. मोतीबिंदू परत येत नाही, तो ज्याला यायचा ते भिंगच आता डोळ्यात नाही. ऑपरेशननंतर उशिरा येणाऱ्या तक्रारींत ही जाळी सगळ्यात जास्त आढळते. काटकोनी कडेच्या आधुनिक लेन्स आल्यापासून तिचं प्रमाण बरंच घटलं, पण संपलेलं नाही. तरुण रुग्णांत ती लवकर येते.

जाळीवरचा उपाय म्हणजे यॅग लेझर, आणि तो खरोखर सोपा आहे. भूल नाही, टाका नाही. हनुवटी मशीनवर टेकवायची, डोळ्यात सुन्न करणारा थेंब टाकायचा, कधी जेल लावलेली काच डोळ्यावर धरायची. टक्‌ टक्‌ आवाज येत राहतो आणि मागच्या भिंतीच्या मधोमध एक गोल झरोका तयार होतो. पाच-दहा मिनिटांचं काम. तासाभरानं डोळ्याचं प्रेशर तपासून घरी सोडतात. काही दिवस डोळ्यासमोर बारीक काळे ठिपके तरंगतात, ते निवतात. क्वचित प्रेशर वाढतं, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर सूज येते किंवा लेन्सवर बारीक खड्डे पडतात. मोठा उणे नंबर होता अशा लोकांत पडदा सुटण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून त्यांना लेझरनंतरही बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायला मी सांगते. बाकी मामला सरळ.

मग बाबांना एवढं सोपं लेझर करायला मी का नको म्हणते आहे? कारण तो झरोका एकदा पडला की बुजवता येत नाही. मागची भिंत शाबूत असेपर्यंत लेन्स बदलणं बेताचं अवघड असतं. पिशवी लेन्सला चिकटलेली असते, पण जेलनं हळूहळू सोडवून, लेन्स आतच कापून बाहेर काढता येते आणि नवी त्याच पिशवीत बसवता येते. वर्ष उलटून गेल्यावरही अनुभवी हाताला हे जमतं. भिंतीला भोक पडल्यानंतर मात्र मागचा जेलीसारखा द्रव पुढे येतो, तो कापून साफ करावा लागतो, नवी लेन्स पिशवीत बसेलच याची खात्री राहत नाही, सूज आणि पडद्याचे धोके वाढतात. म्हणजे लेझरनं धूसरपणा गेला आणि वर्तुळं तशीच राहिली, तर बाबा पुन्हा ‘ही लेन्स काढा’ म्हणतील, आणि तोवर आपण तो रस्ता स्वतःच्या हातानं खडतर करून ठेवलेला असेल.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे बाबांच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या वेळी सुरू झाल्या. वर्तुळं पहिल्या आठवड्यापासून, धूसर अलीकडे. धूसरपणा नंतर आला, तर तो जाळीचा असण्याची शक्यता चांगली आहे. वर्तुळं पहिल्यापासून होती, त्यामुळे ती जाळीच्या माथी मारता येत नाहीत. मल्टिफोकल लेन्सवर एकात एक बारीक कड्या असतात. येणारा उजेड ती दूरच्या आणि जवळच्या प्रतिमेत वाटून देते. जी प्रतिमा त्या क्षणी कामाची नसते, ती दिव्याभोवती कड्या बनून दिसते. शिवाय वाटणीत थोडा उजेड कुठल्याच प्रतिमेला मिळत नाही, म्हणून मंद उजेडात रंग आणि कडा फिक्या वाटतात. यात बिघाड काही नाही. त्या लेन्सचं काम करण्याची पद्धतच तशी आहे. बहुतेकांचा मेंदू तीन ते सहा महिन्यांत याकडे काणाडोळा करायला शिकतो. थोड्यांचा शिकत नाही.

माझं स्पष्ट मत सांगते. रात्री घोडबंदर रोडनं गाडी चालवणाऱ्या माणसाला ‘चष्मा कायमचा जाईल’ एवढंच सांगून मल्टिफोकल लेन्स विकू नये. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे, मेट्रोच्या कामावरचे फ्लडलाइट, पावसात चमकणारा रस्ता हे सगळं त्याला रोज भोगायचं असतं. ज्याचा दिवस वाचनात, मोबाइलवर आणि भाजी निवडण्यात जातो आणि जो रात्री बाहेर पडत नाही, त्याला याच लेन्सनं अत्यंत सुख मिळतं. मल्टिफोकलवर खूश असलेले माझे पेशंट भरपूर आहेत. माणूस कोण आहे हे आधी विचारायला हवं, एवढंच. पडद्याचा आजार, वाढलेला काचबिंदू किंवा बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, पृष्ठभागाची वेडीवाकडी गोलाई असेल, तर मी ती लेन्स सुचवतच नाही.

आता बाबांचं काय करायचं. आधी घरी एक गोष्ट करा. अंधार पडल्यावर त्यांना गॅलरीत उभं करा आणि रस्त्यावरचे दिवे एक एक डोळा हातानं झाकून पाहायला सांगा. उजवा झाकल्यावर, म्हणजे नुसत्या डाव्या डोळ्यानं, दिवे कसे दिसतात ते नीट विचारा. मोतीबिंदू असलेला डोळाही दिवे फाकवतो, पसरवतो, आणि दोन्ही डोळे उघडे असताना माणसाला त्रास कुठून येतोय ते कळत नाही. सगळा राग ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर निघतो.

मग दवाखान्यात. सगळ्यात आधी चष्म्याचा नंबर. साध्या लेन्सवर पाऊण नंबराचा सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, राहिला तर माणूस तक्रार करत नाही, मल्टिफोकलवर तेवढ्यानं चित्र बिघडतं. चाचणीची फ्रेम घालून पंधरा मिनिटं बसवा, शक्य असेल तर दिवेलागणीनंतर दाराबाहेर नेऊन दिवे दाखवा. फरक पडला तर रात्रीपुरता चष्मा हा सगळ्यात स्वस्त आणि बिनधोक इलाज. दुसरं म्हणजे डोळ्यांचा कोरडेपणा. ऑपरेशननंतर काही महिने तो वाढतोच, त्यात आपल्याकडची धूळ, एसी आणि हातातला मोबाइल. उघडझाप केल्यावर क्षणभर स्वच्छ दिसून पुन्हा धूसर होत असेल, तर कोरडेपणाची शंका घ्या. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे थेंब महिनाभर नीट घातले की काहींची ‘खराब लेन्स’ सुधारते. तिसरं, बुबुळाचं टोपोग्राफी (गोलाईचा नकाशा) आणि पडद्याचं ओसीटी स्कॅन (त्याच्या थरांचं प्रकाशानं घेतलेलं चित्र). चौथं, बाहुली मोठी करून जाळी खरंच किती आहे, लेन्स मधोमध आहे की सरकली आहे, हे पाहणं.

हे सगळं तपासूनही जाळी हेच कारण निघालं, तर मी बाबांना एक प्रश्न विचारेन. तुम्हीही घरी विचारून ठेवा: ‘धूसर दिसायला लागायच्या आधी, पहिल्या सहा-सात महिन्यांत जशी नजर होती, त्या वर्तुळांसकट, तशी परत मिळाली तर चालेल का?’ बाबा ‘हो, चालेल’ म्हणाले तर लेझर करा आणि मोकळे व्हा. ‘नाही, तेव्हाही मला नकोशीच झाली होती’ म्हणाले तर लेझरला हात लावायचा नाही. आधी लेन्स बदलण्याचा निर्णय घ्यायचा आणि तो जास्त लांबवायचा नाही. माझा अंदाज बहुतेक बाबा पहिलं उत्तर देतील असा आहे, पण उत्तर त्यांचंच हवं, तुमचं नको, माझंही नको.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन कायमचं रद्द करू नका, उजव्याचा निकाल लागेपर्यंत थांबवा. मोतीबिंदू फार पिकू देण्यातही तोटा आहे, भिंग दगडासारखं कडक होतं आणि फोडताना बुबुळाच्या आतल्या पेशींना मार बसतो. डाव्यात साधी, दूरचं दाखवणारी लेन्स बसवली तर पुष्कळांना रात्रीचं बरं पडतं, कारण मग एक डोळा तरी स्वच्छ दिवे दाखवतो. वाचायला चष्मा लागला तर लागला.

आता आईंचं. त्यांची तक्रार मला बाबांपेक्षा जास्त तातडीची वाटते, आणि पत्रात तुम्ही ती शेवटी लिहिली आहे. तीन आठवडे उत्तम, मग मधोमध पुसट, सरळ रेषा वाकड्या, वर मधुमेह. या वर्णनावरून पहिला संशय पडद्याच्या मध्यभागी सूज आल्याचा येतो. ऑपरेशननंतर डोळ्यात जी थोडी दाहकता असते, तिच्यामुळे पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि मध्यबिंदूपाशी पाणी साठतं. अमेरिकेतल्या डॉ. अर्व्हाइन यांनी 1953 साली ही अवस्था वर्णिली, पुढे डॉ. गॅस यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला, म्हणून ती दोघांच्या नावानं ओळखली जाते. साधारण चौथ्या ते बाराव्या आठवड्यात ती डोकं वर काढते. नेमक्या त्याच सुमाराला थेंब बंद झालेले असतात आणि ‘आता सहा महिन्यांनी दाखवा’ असं सांगून झालेलं असतं. ऑपरेशन निर्दोष झालं तरी सूज येऊ शकते. मधुमेहींत आणि पूर्वी डोळ्यात दाह झालेल्यांत ती जास्त येते.

ओसीटी स्कॅनवर दोन मिनिटांत कळतं. एका डोळ्यानं खिडकीच्या ग्रिलकडे पाहून कुठल्या गजाला बाक येतो हे आईंना विचारा, म्हणजे डॉक्टरांना नेमकं सांगता येईल. उपचार बहुधा थेंबांचाच असतो. नेपाफेनॅक किंवा केटोरोलॅकसारखे सूज उतरवणारे थेंब आणि सोबत स्टिरॉइडचे थेंब, काही आठवडे ते काही महिने. बहुतेकांची सूज उतरते. मधुमेहाचीच सूज त्यात मिसळली असेल तर डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं, ऐकायला वाटतं तेवढं ते भयंकर नसतं. फक्त घरात उरलेली स्टिरॉइडची बाटली स्वतःच्या मनानं सुरू करू नका. काहींना त्या थेंबांनी डोळ्याचं प्रेशर चढतं, ते दुखत नाही, कळतही नाही, आणि दोन महिन्यांनी काचबिंदूचं नुकसान समोर येतं. साखर आवाक्यात ठेवा, पण सूज उतरायची तर साखर उतरू दे मग दाखवू, असं करू नका. याच आठवड्यात दाखवा.

लेन्स डुप्लिकेट असल्याच्या शंकेबद्दल. लेन्सच्या डब्यात चिकटवायचे स्टिकर येतात. त्यातला एक डिस्चार्ज कार्डावर लावलेला असतो: कंपनी, मॉडेल, पॉवर, सिरियल नंबर, मुदतीची तारीख. ही मुदत डब्यातल्या निर्जंतुकपणाची असते. डोळ्यात बसलेल्या लेन्सला एक्स्पायरी नसते. अनेक घरांत हे कार्ड लाइटबिलांच्या फायलीत जातं आणि लागतं तेव्हा सापडत नाही. आजच शोधा आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा. लेन्स बदलायची वेळ आली तर आतली लेन्स कुठल्या पदार्थाची आहे, एकसंध आहे की तीन तुकड्यांची, हे सर्जनला त्यावरूनच कळतं. दुसऱ्या डोळ्याची पॉवर ठरवतानाही पहिल्याचा स्टिकर आणि आत्ताचा नंबर ताडून पाहतात.

पॉवर चुकण्याची गोष्टही इथेच सांगते. हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात 29 नोव्हेंबर 1949 रोजी जगातली पहिली कृत्रिम लेन्स बसवण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. लढाऊ विमानांच्या केबिनच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात शिरूनही डोळा त्यांना निमूट सोसतो, हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्याच जातीचं प्लास्टिक निवडलं. पण त्या पहिल्या रुग्णाचा नंबर ऑपरेशननंतर उणे 18 च्या घरात गेला, वर मोठा सिलिंडर. आज डोळ्याची लांबी प्रकाशानं मोजणारी यंत्रं आहेत, तरीही लांबी मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीननं हुकतो. अतिशय पिकलेला मोतीबिंदू, फार लहान किंवा फार लांब डोळा आणि पूर्वी चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी केलेलं लेसिक, या तिघांत गणित हमखास डळमळतं. लेसिक झालेलं असेल तर न विचारताच सांगा, जुने कागद असतील तर न्या. अर्धा-पाऊण नंबर राहिला तर चष्मा लावावा. मोठा फरक असेल तर काही आठवड्यांतच लेन्स बदलणं किंवा वर दुसरी पातळ लेन्स बसवणं सोयीचं असतं.

सिलिंडरची टोरिक लेन्स बसवली असेल तर ती फिरण्याचा धोका वेगळा. एका अंशाच्या फिरण्यानं तिचा सुमारे तीन टक्के गुण कमी होतो, तीस अंश फिरली तर गुण शून्य. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत छोटं ऑपरेशन करून ती पुन्हा जागेवर वळवता येते.

लेन्स सरकणं हे ऐकायला भीतिदायक, प्रत्यक्षात क्वचित घडणारं. लवकर सरकते ती बहुधा ऑपरेशनात पिशवी फाटलेली किंवा तंतू सुटलेले असतात म्हणून. दहा-पंधरा वर्षांनी सरकते तेव्हा अभ्र्यासकट उशी निसटलेली असते, तंतू हळूहळू कमजोर झालेले असतात. डोळ्याला जबर मार, मोठा उणे नंबर, पडद्याचं पूर्वीचं ऑपरेशन, भिंगावर भुकटीसारखे कण जमण्याचा एक आजार ही त्यामागची नेहमीची कारणं. सतत डोळे चोळण्याची सवयही वाईट. एका डोळ्यानं दोन-दोन दिसणं, नजरेत लेन्सची कमानदार कड दिसणं, अचानक सगळं पार धूसर होणं, ही लक्षणं. लेन्स पार मागे पडद्यावर जाऊन पडली तरी घाबरून जायचं नसतं, पडद्याचे सर्जन ती उचलून काढतात. पिशवीचा आधार नसतानाही लेन्स बसवण्याच्या चांगल्या पद्धती आज आहेत. चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी 2007 साली लेन्सचे पाय डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत खोचून जैविक गोंदानं बसवण्याची पद्धत रूढ केली. पुढे जपानच्या डॉ. यामाने यांची, पायांची टोकं तापवून गुंडी करून बसवण्याची पद्धत आली. ज्याचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे त्याच्याकडून ती करून घ्यावी, नावावर जाऊ नये.

एक दुर्मीळ प्रकार मुद्दाम सांगते, कारण तो वर्षानुवर्षं ओळखला जात नाही. एकसंध मऊ लेन्स पिशवीत न बसता तिच्या पुढे, बुबुळामागच्या रंगीत पडद्याला घासत बसली, की मधूनमधून दाह होतो, प्रेशर चढतं, थोडं रक्त उतरतं. पेशंट म्हणतो, ‘अधूनमधून एक-दोन दिवस लालसर धुकं येतं आणि आपोआप जातं.’ तपासणीच्या दिवशी सगळं ठीक असतं. अशा वेळी धुकं असतानाच, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

लेन्स स्वतःच गढूळ होते का? होते, पण क्वचित, आणि बहुधा पाणी धरणाऱ्या एका जातीच्या अ‍ॅक्रिलिकची. तिच्यावर कॅल्शियमचे कण बसतात. मधुमेहींत किंवा नंतर दुसऱ्या ऑपरेशनात डोळ्यात हवा अथवा गॅस भरावा लागला असेल तर शक्यता वाढते. वरवर पाहिलं तर हे जाळीसारखंच दिसतं, आणि जाळी समजून लेझर केलं जातं. नजर सुधारत नाही, मागची भिंत फुटलेली असते, आणि उपाय मात्र एकच उरतो, लेन्स बदलणं. बाबांच्या तपासणीत ‘गढूळपणा लेन्सच्या मागे आहे की लेन्समध्येच?’ हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा. स्लिट लॅम्पच्या तिरक्या झोतात दोन मिनिटं जास्त पाहिलं की उत्तर मिळतं.

डोळ्याच्या बाहेरच्या कडेला, कानाच्या बाजूला काळी चंद्रकोर दिसणं पहिल्या आठवड्यांत फार जणांना होतं. बहुतेकांचं आपोआप जातं, जाड काडीचा चष्मा लावला की तोवर कमी जाणवतं. सकाळी उठल्यावर जास्त धूसर आणि दुपारपर्यंत निवळणं हे मात्र बुबुळाला सूज आल्याचं लक्षण आहे. बुबुळाच्या आतल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. त्या फारच कमी झाल्या तर नेत्रदानातून मिळालेला बुबुळाचा पातळ थर बसवावा लागतो.

आणि ज्यासाठी मध्यरात्रीही निघायचं ते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात डोळा दुखायला लागला, लाल झाला आणि नजर झपाट्यानं उतरली तर तो जंतुसंसर्ग समजायचा. हे हजारात एखाद्याला होतं, कधी त्याहूनही कमी, पण त्यात तास मोजावे लागतात. डोळ्यातच अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यावं लागतं. ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही, वेदनाशामक देऊन झोपवायचं नाही. आधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन, ते भेटले नाहीत तर नेत्रविभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. अचानक ठिणग्या चमकणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, एका कडेनं सावली सरकत येणं हे पडदा सुटण्याचं लक्षण, आणि ते ऑपरेशननंतर दोन वर्षांनीही होऊ शकतं. त्याच दिवशी दाखवा.

खर्चाचं म्हणाल तर लेझर आणि लेन्स बदलणं यात मोठं अंतर आहे. मेडिक्लेम असेल तर लेन्स बदलण्यासाठी मंजुरी आधी घ्या, डॉक्टरांकडून वैद्यकीय कारण लेखी घ्या. नुसतं ‘पेशंट समाधानी नाही’ असं लिहिलं तर प्रकरण अडकतं. खासगीत झेपत नसेल तर कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, भायखळ्याला जे. जे. आहे. रांग लागेल, पण दुसरं मत म्हणून तिथे कागद घेऊन जाण्यात काहीच कमीपणा नाही. आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांकडे आधी परत जा. भांडायला नको, विचारायला. ऑपरेशनात नेमकं काय झालं ते त्यांच्या नोंदींत असतं, दुसऱ्या कुणाकडे नसतं.

जाताना दोघांचे डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनपूर्वीचे मापांचे कागद, सध्याचे थेंब बाटल्यांसकट आणि आईंचे साखरेचे रिपोर्ट न्या. ओसीटीला उपाशी यायची गरज नाही, आईंनी नेहमीसारखं जेवून आणि गोळी घेऊन यावं. बाहुली मोठी केल्यावर चार-पाच तास जवळचं दिसत नाही आणि उजेड सहन होत नाही, म्हणून बाबांना स्कूटर काढू देऊ नका. रिक्षानं या, काळा चष्मा आणा, आणि दोघांची वेळ एकाच दिवशी घेतली असेल तर बरोबर तिसरं माणूस ठेवा.